नवरी 'नको' म्हणते तेव्हा: रीजन्सी प्रेमकथा लिहिणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला राजी नसलेली मुलगी आणि तिला मागणी घालणारा तरुण. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात घडणारी ही हलकीफुलकी कथा मराठीत लिहून पाहणारे आता बरेच आहेत, आणि अडचणी सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच असतात. ही कथा नियमांवर चालते. लग्नाचा कायदा, पैशांचे करार, नाचाचे शिष्टाचार नेमके ठाऊक असले की गंमत त्यातूनच निघते. ते ठाऊक नसले की पात्रांना उगाच घसरून पडावं लागतं.

रीजन्सी म्हणजे नेमका कोणता काळ?

काटेकोरपणे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार पाहू शकत नव्हता, म्हणून त्याचा थोरला मुलगा राजप्रतिनिधी झाला. राजप्रतिनिधीला इंग्रजीत रीजंट म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. ढोबळ अर्थानं १७९५ ते १८३७ हा सगळाच काळ या नावाखाली घेतात, पण कथेसाठी एक वर्ष ठरवून टाकावं. वर्ष ठरलं की हवामान, बातम्या, कपडे सगळं जागेवर बसतं. १८१४ घेतलंत तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरलेली मिळते आणि जूनमध्ये रशियाचा झार लंडनमध्ये आलेला असतो. १८१६ घेतलंत तर उन्हाळा विसरा. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्यानं पुढच्या वर्षी युरोपात थंडी आणि पाऊस हटेनात. त्या वर्षीच्या जुलैत नायिका हिरवळीवर उन्हात स्ट्रॉबेऱ्या खात बसली तर जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटतो. तिला पावसात अडकवा. दोघांना एका छपराखाली दोन तास बसवण्याचं इतकं चांगलं निमित्त दुसरं नाही.

नवरीला लग्न का नको असतं? 'तिला प्रेमविवाह हवा आहे' एवढं कारण पुरतं का?

नाही पुरत. त्या काळापर्यंत लग्नात आपुलकी असावी हे आईवडीलही मान्य करत होते, त्यामुळे नुसत्या प्रेमाच्या आग्रहाला विरोध कोण करणार? कारण ठोस हवं, आणि कायद्यानं ते आयतं दिलेलं आहे.

लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाईचं वेगळं अस्तित्व उरत नसे. तिची रोकड, तिचं सामानसुमान नवऱ्याचं होई. तिच्या नावावर जमीन असली तर तिचं उत्पन्न नवरा घेई. स्वतःच्या नावानं करार करता येत नसे, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. मुलांवर हक्क बापाचा. सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला निदान कोर्टात अर्ज करता यावा, हा कायदा १८३९ साली आला. पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून खास कायदा करवून घ्यावा लागे, आणि तो अफाट खर्चाचा मार्ग जवळपास पुरुषांनाच मोकळा होता. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाले ते १८७० आणि १८८२ साली, म्हणजे आपल्या नायिकेच्या नातीच्या काळात.

उलट, एकवीस वर्षं पूर्ण झालेली, थोडा स्वतःचा पैसा असलेली अविवाहित मुलगी या सगळ्या बाबतींत मोकळी. त्यामुळे 'मला लग्न नको' हा तिचा हट्ट मुळीच नसतो. तो साधा हिशेब असतो.

हा हिशेब एखाद्या वस्तूत दाखवा. समजा आजीनं तिच्या नावे एक लहानसं घर ठेवलंय, भाडं वर्षाला ६० पौंड. दर तिमाहीला १५ पौंड येतात, ती ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत स्वतः लिहिते. छपराच्या कौलांना किती लागले, भाडेकरूची चूल कधी बदलली, सगळं त्या वहीत आहे. लग्नानंतर ते १५ पौंड नवऱ्याच्या हाती जाणार आणि वही नवऱ्याच्या कारभाऱ्याकडे. मागणी घालणाऱ्याला वाटतंय की आपलं नाक तिला आवडलेलं नाही. तो नवीन कोट शिवतो, कविता पाठ करतो. वाचकाला वही माहीत आहे, त्याला नाही. अर्धी कादंबरी या अंतरावर चालते.

त्या काळात मुलगी खरंच 'नाही' म्हणू शकत होती का?

हो, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण राजघराण्यातलंच आहे. रीजंटची एकुलती एक मुलगी शार्लट हिचं लग्न १८१३ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या राजपुत्राशी ठरलं. आपल्याला कायमचं इंग्लंडबाहेर राहावं लागेल हे लक्षात आल्यावर तिनं करारात त्याविरुद्ध कलम घालायला लावलं, आणि शेवटी १८१४ च्या जूनमध्ये लग्नच मोडलं. बापानं तिच्या घरची माणसं बदलून तिला कोंडून ठेवायचं ठरवताच १२ जुलैला ती सरळ रस्त्यावर आली, भाड्याची घोडागाडी केली आणि आईच्या घरी पोहोचली. रात्रभर समजूत घातल्यावर परतली, पण ते लग्न पुन्हा जुळलं नाही. २ मे १८१६ रोजी तिनं स्वतः पसंत केलेल्या लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी लग्न केलं.

सामान्य घरात नियम असा: लग्न ठरल्यावर मुलीनं माघार घेतली तर चार दिवस कुजबुज होई, 'लग्न मोडणारी' म्हणून नाव पडे, पण ते करता येई. पुरुषानं माघार घेणं मात्र अब्रूला बट्टा, आणि वर वचनभंगाचा दावा होऊन नुकसानभरपाई भरावी लागे. कथेत याचा उपयोग फार मोठा आहे. चुकून ठरलेलं लग्न फक्त तीच मोडू शकते. त्याला नको असलं तरी तो अडकला. म्हणून दोघांनी खोटं लग्न ठरवायचं आणि लंडनचा हंगाम, म्हणजे बड्या घरांच्या नाच-मेजवान्यांचा मोसम, संपल्यावर 'तू मोड' असं आधीच कबूल करायचं, ही युक्ती त्या काळात तर्काला धरून बसते. अडचण येते ती लग्न मोडायची वेळ आल्यावर, कारण तोवर तिला मोडायचं नसतं.

वडिलांनी जबरदस्तीनं लग्न लावलं असं दाखवता येईल का?

दबाव दाखवा, जबरदस्ती नको. विधीत नवरीला स्वतःच्या तोंडानं होकार द्यावा लागतो. ती गप्प राहिली किंवा 'नाही' म्हणाली तर पाद्री पुढे जाऊ शकत नाही. पैसे चारून पाद्र्याला गप्प बसवण्याचा प्रसंग तर टाळाच. जाहिरनामा किंवा परवाना (दोन्ही पुढच्या उत्तरात) नसताना लग्न लावणाऱ्या पाद्र्याला १४ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा होती. आणि हलक्याफुलक्या कथेत खरी जबरदस्ती आली की हसू आटतं, ते परत येत नाही. बाप प्रेमळ पण कर्जबाजारी असावा. अशा बापाला नकार देणं दुष्ट बापाला नकार देण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

लग्न लावण्याचे कायदेशीर मार्ग कोणते? इथं सगळ्यांत जास्त गोंधळ होतो.

२५ मार्च १७५४ पासून लागू झालेल्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये (क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू सोडून) सगळ्यांची लग्नं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चच्या पाद्र्यानं, जाहिरनाम्यानं किंवा परवान्यानं लावली तरच वैध ठरत. कॅथलिकांनासुद्धा कायदेशीर नात्यासाठी तिथंच जावं लागे.

पहिला मार्ग जाहिरनाम्याचा. तीन रविवारी प्रार्थनेच्या वेळी पाद्री दोघांची नावं वाचून विचारतो, कुणाची हरकत आहे का. दोघं वेगवेगळ्या पॅरिशमधली, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या हद्दीतली, असतील तर दोन्हीकडे वाचावं लागतं. एकवीस वर्षांखालच्या मुलीच्या बापानं उभं राहून जाहीर हरकत घेतली की जाहिरनामा रद्द. खर्च किरकोळ. पण बडी घरं हा मार्ग टाळत, कारण आपल्या मुलीचं नाव सगळ्या गावासमोर वाचलं जाणं त्यांना कमीपणाचं वाटे.

दुसरा साधा परवाना. बिशपच्या अधिकाऱ्याकडून मिळतो, नवरा मुलगा शपथेवर सांगतो की काही अडथळा नाही. लग्न ठरावीक चर्चमध्येच, आणि दोघांपैकी एकजण त्या पॅरिशमध्ये आधीचे चार आठवडे राहिलेला हवा. पंधरा दिवसांची अट बऱ्याच कथांत सापडते, ती १८२३ च्या कायद्यानंतरची. एकवीसच्या आतल्यांना बापाची किंवा पालकाची संमती लागतेच.

तिसरा खास परवाना. फक्त कँटरबरीचे आर्चबिशप देतात, सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या डॉक्टर्स कॉमन्समधल्या कचेरीतून. त्यानं कुठंही, कोणत्याही वेळी लग्न लावता येतं. तो नसेल तर लग्न सकाळी ८ ते दुपारी १२ मध्ये, चर्चमध्येच. मध्यरात्री चांदण्यात बागेत लग्न लावायचं असेल तर नायकाच्या खिशात हा कागद हवा. त्यावर दोघांची नावं असतात, त्यामुळे 'मी कोरा परवाना घेऊन ठेवलाय, नवरी नंतर ठरवू' हे चालत नाही.

आमचा आग्रह जाहिरनाम्याचाच. तीन रविवार म्हणजे आयतं घड्याळ. १८१४ मध्ये ६, १३ आणि २० फेब्रुवारीला रविवार होते. थेम्सवरचा बर्फ फुटला त्याच आठवड्याच्या शेवटी पहिलं वाचन. नायिका बाकावर बसून स्वतःचं नाव ऐकते, मागच्या रांगेतल्या टोप्या एकमेकींकडे झुकतात, आणि तिच्या हातमोज्याच्या शिवणीतला एक धागा ती ओढत राहते. तिसऱ्या वाचनापर्यंत ती शिवण उसवलेली असते. २३ फेब्रुवारीला ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू झाले. त्या दिवसांत लग्न लावणं बरीच घरं टाळत, आणि ईस्टर १० एप्रिलला होता. म्हणजे २१ किंवा २२ फेब्रुवारीला लग्न, नाहीतर दीड महिना थांबा. 'मला वेळ हवा' म्हणणाऱ्या नवरीला हे पंचांग पाठ असणार.

पळून ग्रेटना ग्रीनला जाणं कितपत सोपं होतं?

सोपं मुळीच नाही. १७५४ पासूनचा हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथं साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' असं जाहीर केलं की झालं, आईवडिलांची संमती नको. हद्द ओलांडल्यावर लागणारं पहिलं गाव म्हणून ग्रेटनाचं नाव झालं. पण लंडनपासून अंतर ३०० मैलांहून जास्त. दोन घोड्यांची भाड्याची गाडी मैलाला साधारण एक ते दीड शिलिंग घेई. दीडच्या दरानं ३२० मैलांचे ४८० शिलिंग म्हणजे २४ पौंड झाले, वर गाडीवानांची बक्षिसी, टोलनाके, जेवण. घरकाम करणाऱ्या मुलीचा वर्षाचा पगारही याहून कमी होता. पाठलाग चुकवायला चार घोडे जोडले की भाडं जवळपास दुप्पट.

घोडे दर १०–१५ मैलांवर बदलावे लागतात, आणि तिथंच घोळ होतात. पुढच्या मुक्कामावर ताजे घोडे शिल्लक नाहीत, आदल्या गाडीनं नेले. चाकाचा आस मोडला. न थांबता गेलं तरी दोन दिवस लागतात, आणि दोन दिवस बंद गाडीत बसलेल्या मुलीचं डोकं दुखतं, तिला मळमळतं, तिला गरम पाणी हवं असतं. प्रेम खरं आहे की नाही हे तिसऱ्या मुक्कामावर कळतं. अनिच्छुक नवरी पळून जाते ती भलत्याच माणसाबरोबर, आणि तिला परत आणायला नायक येतो तो रागावून न येता सँडविच घेऊन येतो, अशी मांडणी हलक्या कथेला शोभते. तीन आठवडे स्कॉटलंडमध्ये राहण्याची अट १८५६ च्या कायद्यानं आली, ती इथं आणू नका.

पैशांच्या वाटाघाटी कशा दाखवायच्या?

आपल्याकडच्या याद्यांसारख्याच त्या बसत, फक्त दोन्हीकडून वकील असत. चार गोष्टी ठरतात: मुलगी किती रक्कम घेऊन येते, तिला हातखर्चाला वर्षाला किती मिळणार, नवरा आधी गेला तर तिला वर्षाला किती, आणि धाकट्या मुलांच्या वाट्याला किती. विधवेच्या तरतुदीचा ढोबळ ठोकताळा तिनं आणलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाचा. १०,००० पौंड आणले तर वर्षाला १,००० पौंडांची हमी.

रक्कम बहुधा तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत असे. पण युद्धाच्या वर्षांत १०० पौंडांचा रोखा ६० च्या आसपास मिळे, म्हणून त्या भावानं घेणाऱ्याला प्रत्यक्षात पाच टक्क्यांच्या घरात व्याज पडे. नायिकेला हे कळतं आणि नायकाच्या काकाला कळत नाही, असा संवाद जरूर लिहा. नाणी लक्षात ठेवा: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, २१ शिलिंगची गिनी.

एक कळीचा मुद्दा: कायद्यानं सगळं नवऱ्याचं होत असलं तरी करारातून, विश्वस्तांच्या नावे, बायकोची स्वतंत्र मालमत्ता राखता येत असे. वर सांगितलेली निळी वही इथं सुटते. नायक वकिलाकडे जातो आणि आजीचं घर विश्वस्तांकडे, 'तिच्या स्वतंत्र उपभोगासाठी' असं लिहून घेतो. असा मसुदा तिच्यापुढे ठेवणं म्हणजे त्या काळातली सर्वांत सुंदर मागणी. गुडघ्यावर बसून म्हटलेल्या दहा वाक्यांपेक्षा वाचकाला ती जास्त भिडते, कारण त्यानं तिचं म्हणणं ऐकलं हे त्यातून दिसतं.

मागणी घालणारा चिकाटीचा असावा. पण चिकाटी आणि त्रास यांतली रेघ कुठं?

ती स्पष्ट 'नाही' म्हणाली की त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारायचा नाही. निघून जायचंही नाही, कारण मग कथाच संपते. त्यानं वेगळा प्रश्न विचारायचा: का? पहिल्या नकारानंतरचं त्याचं वागणं हा कथेचा कणा. तो मध्यस्थ पाठवतो, बापावर दबाव आणतो, तिच्या वाटेत उभा राहतो असं लिहिलंत तर आजची वाचक त्याला माफ करत नाही आणि तिनं का करावं? तो स्वतःच्या चुकीच्या अंदाजांवर अडखळतो, आणि दर वेळी तिच्याबद्दल एक खरी गोष्ट त्याला कळते. असे चार अडखळे पुरेत. सहा झाले की तो मठ्ठ वाटतो.

दोघांना एकांत कसा द्यायचा?

उघड्यावर. अविवाहित मुलगी दार लावलेल्या खोलीत किंवा बंद गाडीत परपुरुषाबरोबर सापडली की तिची अब्रू गेली. पण उघड्या दुचाकी घोडागाडीतून, मागे मोतद्दार बसलेला असताना, लंडनच्या हाइड पार्कला संध्याकाळी पाचच्या सुमारास फेरी चालते. सगळे बघत असतात, ऐकू कुणालाच येत नाही.

नाचात एकाच माणसाबरोबर दोनदा ठीक. तिसऱ्यांदा नाचली की लग्न ठरल्याचीच चर्चा. आणखी एक नियम फार कामाचा: एकाला नाचायला नकार दिला तर उरलेली रात्र दुसऱ्या कुणाबरोबरही नाचता येत नाही. म्हणून कंटाळवाण्या माणसालाही 'हो' म्हणावं लागतं, नाहीतर भिंतीला टेकून बसावं लागतं. आपली नायिका भिंत निवडते, आणि नायक न नाचता शेजारी येऊन बसतो.

लंडनच्या किंग स्ट्रीटवरच्या ऑलमॅक्स या नाचघरात हंगामात दर बुधवारी नाच होई. प्रवेश चालक स्त्रियांनी दिलेल्या परवानगीवरच, रात्री अकरानंतर दार बंद, आणि खायला चहा, लिंबूपाणी, लोणी लावलेले पावाचे पातळ काप. तिथं मेजवानी रंगवू नका. वॉल्ट्झ, म्हणजे जोडीदाराला धरून गिरक्या घेत करायचा नाच, जपून वापरा: १८१६ च्या जुलैमध्ये रीजंटच्या घरच्या समारंभात तो नाचला गेला तेव्हासुद्धा 'टाइम्स'नं नाराजी छापली होती.

पत्रं लिहिता येतात का?

लग्न ठरल्याशिवाय नाही. तरुणानं मुलीला परस्पर पत्र लिहिलं म्हणजे लग्न ठरलंय असंच सगळे धरून चालत. म्हणून निरोप तिच्या भावाला लिहिलेल्या पत्रातून जातात, आणि भाऊ विसराळू असतो.

टपालाचा खर्च पत्र घेणारा भरे. १८१२ च्या दरानं ८० ते १२० मैलांना एका कागदाचे ९ पेन्स, दोन कागद झाले की दुप्पट. पाकीटही कागदच, म्हणून पाकीट नसे. एकच ताव घडी घालून लाखेनं बंद करत. जागा संपली की ताव आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून लिहीत. अशा पत्रातला 'नाही' वाचायचा राहून जाणं अगदी शक्य आहे.

भारतातून परतलेला मागणीदार दाखवता येईल का?

जरूर, आणि खरा दाखला महाराष्ट्राच्या मातीतला आहे. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यानं आयर्लंडमधल्या किटी पॅकेनहॅमला मागणी घातली तेव्हा तो कमी पगाराचा धाकटा मुलगा होता. १७९३ मध्ये तिच्या घरच्यांनी त्याला नाकारलं. तो भारतात गेला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ त्यानं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १८०५ मध्ये मानमरातब घेऊन परतला, आणि १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये त्याच मुलीशी लग्न केलं. मधल्या इतक्या वर्षांत दोघंही बदलली होती आणि संसार सुखाचा झाला नाही. हलक्या कथेत हे वळण उलटं फिरवायचं तर दोघांना लग्नाआधी पुरेसं बोलू द्या.

व्यवहाराचे तपशील: केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजाला पाच-सहा महिने लागत, म्हणजे पत्राचं उत्तर यायला वर्ष. आणि एक विनंती. असईत इंग्रजांच्याच बाजूचे दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले, मराठी फौजेचीही मोठी हानी झाली. मराठी वाचक तो भाग ओळखतो. नायकाची श्रीमंती नुसती 'हिंदुस्थानातून आली' म्हणून पुढे जाऊ नका. ती कुठून आली हे नायिकेला विचारू द्या, त्यानं कथेला वजन येतं आणि हलकेपणा जात नाही.

पदव्या आणि हाका कशा लिहायच्या?

चढता क्रम: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक. ड्यूकला 'युअर ग्रेस', बाकीच्यांना बोलताना 'लॉर्ड' आणि पुढे पदवीचं नाव. बॅरोनेट हा उमराव नव्हे. तो 'सर' आणि पुढे स्वतःचं नाव, त्याची बायको 'लेडी' आणि पुढे आडनाव. अर्लची मुलगी मात्र 'लेडी' आणि पुढे स्वतःचं नाव. बहिणींमध्ये थोरली 'मिस' आणि नुसतं आडनाव, धाकट्यांना नाव जोडून. थोरलीचं लग्न झालं की हा मान दुसरीकडे जातो. दुसरी त्यासाठी थोरलीचं लग्न लवकर व्हावं म्हणून धडपडते, हे बारीक धागे उपयोगी पडतात.

मराठी संवादात सगळ्यात जास्त काय बिघडतं?

नाती. इंग्रजीतली आई 'मामा' असते. ते जसंच्या तसं लिहिलं की मराठी वाचकाला मिशा दिसतात. 'ममा' लिहा किंवा सरळ 'आई'. 'आंट' म्हणजे मावशी, आत्या, काकू की मामी हे आधी ठरवा, कारण मराठीत प्रत्येकीचा अधिकार वेगळा. भाचीच्या लग्नात आत्या जे बोलेल ते मामी बोलणार नाही. चुलत भावंडांचं लग्न इंग्लंडात कायदेशीर होतं, पण 'चुलतभाऊ' शब्दावर मराठी वाचक अडखळतो. कथेला चालत असेल तर त्याला आतेभाऊ किंवा मामेभाऊ करा.

'तू' आणि 'तुम्ही' हे मराठीला मिळालेलं देणं आहे, ते उधळू नका. दोघं शेवटापर्यंत 'तुम्ही'वर राहू देत. एकदाच, घाबरून किंवा रागात, तिच्या तोंडून 'तू' निसटावा. दोघंही गप्प होतात. पुढच्याच वाक्यात 'तुम्ही' परत येतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला यासाठी अख्खा परिच्छेद लागतो.

लग्नाचा पोशाख पांढराच का?

सक्ती नव्हती. पांढरी मलमल लोकप्रिय होती, पण कोणताही चांगला झगा चाले आणि नंतर वापरला जाई. शार्लटचा १८१६ चा झगा रुपेरी होता. पांढऱ्याची घट्ट प्रथा १८४० मधल्या राणी व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर रुजत गेली.

काळाच्या नेहमी होणाऱ्या चुका?

काडेपेटी (घर्षणानं पेटणारी काडी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धातली), दुपारच्या चहाचा सोहळा (१८४० नंतर), लंडनचे गणवेशातले पोलीस (१८२९), रेल्वे, टपाल तिकीट. १८१९ मध्ये मात्र पायानं ढकलायची दोन चाकी गाडी लंडनमध्ये आली होती. त्या वर्षी नायकाला तिच्यावर बसवायला हरकत नाही.

लग्नाचा प्रसंग किती लांब हवा?

दोन पानं. त्या काळात लग्नाला घरची दहा-बारा माणसं असत. नंतर न्याहारी: गरम पाव, हॅम, अंडी, चॉकलेटचं पेय, केक. अंगठी फक्त नवरीला.

विधी झाल्यावर सगळे बाजूच्या खोलीत जातात. १७५४ पासूनच्या ठरलेल्या मजकुराच्या नोंदवहीत रिकाम्या जागा भरलेल्या असतात: जाहिरनाम्यानं की परवान्यानं, तारीख, पाद्र्याचं नाव. खाली नवराबायकोनं सही करायची, त्याखाली दोन साक्षीदारांनी. नवरी माहेरच्या नावानं सही करते, ती शेवटची. पिसाची लेखणी मागच्या लग्नाच्या वेळची आणि टोक पसरलेलं असतं, म्हणून ती थांबते. पाद्री चाकू शोधू लागतो. नायक खिशातून स्वतःचा लहान चाकू काढतो, लेखणीचं टोक तासतो, आणि तिच्या हातात देतो.

ती तिचं पूर्ण नाव लिहिते, निळ्या वहीत लिहायची त्याच अक्षरात.